पंचेचाळीस मिनिटं

दुशान्बेचा विमानतळ, देशांतर्गत खिडकी क्रमांक दोन,
काचेमागे मी.
दिवसातून चाळीसदा तोच प्रश्न, तेच उत्तर:
खोरोग, सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर,
पंचेचाळीस मिनिटं,
आणि मग जरा खालच्या आवाजात,
खिंड मोकळी असेल तर.

खिंड कुणाची नोकर नाही.
सतरा आसनांचं आमचं विमान शिखरांवरून जात नाही,
शिखरांमधून जातं,
अरुंद बोळातून भिंतीला अंग घासत जाणाऱ्या
ओझ्याच्या गाढवासारखं.
ढगाचा एक बोळा मध्ये अडकला
की दिवस संपला.

कुर्बोनशो आला सोमवारी.
काट्यावर आम्ही सामान तोलतो, माणूसही तोलतो.
माणूस एकसष्ट किलो, पिशवी साडेचार.
पिशवीत तुतीचं पीठ, नातवाचे बूट,
आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या
पेन्सिलीएवढ्या सात काड्या.
जर्दाळूच्या, म्हणाला, कलमासाठी.
मुळात त्या तिकडच्याच.
बापानं लावलेलं झाड हिमाच्या लोंढ्यात गेलं,
मामेभावानं कधीकाळी आणलेली फांदी मात्र
इथे कापूस कारखान्याच्या कुंपणाशी तरारली.
'माघारी नेतोय,' असं म्हणाला,
जणू लेकीला माहेरपणाला निघालाय घेऊन.
'डोळे मिटलेले आहेत तोवरच कलम लागतं.
काडीचे डोळे, बाई. माझे नव्हेत.'

मंगळवारी खिंड बंद.
बुधवारी विमान उडालं,
बावीस मिनिटं गेलं, बावीस मिनिटं परत आलं.
चव्वेचाळीस मिनिटं हवेत काढून
कुर्बोनशो जिथून निघाला तिथेच उतरला.
'एका मिनिटानं हुकलं,' म्हणाला,
आणि एकटाच हसला.

गुरुवारी हॉलमध्ये सगळेच
फलकाकडे डोळे लावून बसलेले:
बाळंतिणीचा भाऊ,
परीक्षेला निघालेली दोन पोरं,
दाताला हात लावून एक शिक्षिका.
तो तेवढा दर दोन तासांनी
नळावर जाऊन फडकं भिजवून आणायचा.
पण दुशान्बेचा मार्च पाण्याला जुमानत नाही.
दुपारी तो खिडकीशी आला,
फडकं हळूच सोडलं.
एका काडीचा डोळा
किलकिला झाला होता.
आत हिरवं, टाचणीच्या टोकाएवढं.

पैसे परत मागितले त्यानं.
मी नियम सांगितला, मग नियम बाजूला ठेवला.
रस्त्यानं सहाशे किलोमीटर,
सोळा तास, दरड नसेल तर;
प्यांज नदीच्या काठाकाठानं,
पलीकडे अफगाणिस्तानातली माणसं
कपडे वाळत घालताना दिसतात एवढ्या जवळून.
जीपमध्ये तो अकरावा.
जाता जाता त्यानं पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली.
चार किलो सातशे.
'पाणी,' मी म्हटलं.
'वाढली,' तो म्हणाला.

शुक्रवारी आकाश इतकं स्वच्छ
की संताप यावा.
विमान त्रेचाळीस मिनिटांत पोचलं.
परतल्यावर वैमानिक झोइर चहा पिता पिता सांगत होता,
खाली नदीकाठी एक जीप थांबलेली,
काही माणसं रस्त्यावरचे दगड सारत होती.
त्यात पिशवी छातीशी धरलेला कुणी होता का,
मी विचारलं.
तो म्हणाला, वरून माणसं
नुसती मोजता येतात.

त्या काड्या लागल्या की वाळल्या,
मला कुणी कळवलं नाही.
कशाला कळवतील?
त्याच्या तिकिटाची रद्द पावती ड्रॉवरमध्ये आहे,
एकसष्ट अधिक साडेचार,
माझ्या अक्षरात.

फोन वाजतो. खोरोगला किती वेळ लागतो?
पंचेचाळीस मिनिटं, मी सांगते.
आणि विचारायची गरज नसते तरी
हल्ली विचारते,
बरोबर काय नेताय?